बटण दाबण्यापूर्वी

बाळ म्हणजे उपकरण नव्हे, हे आईला मान्य होतं. पण जिची उमेदीची वर्षं उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात गेली, तिला बाळाविषयी चार ओळी लिहायला बसवलं, तर त्या 'वापरण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचावी' अशाच सुरू होणार. त्याला ती तरी काय करणार?

ती पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होती. पंपाचं खोकं फोडलं की थर्मोकोलखाली घडी घातलेला एक कागद निघतो. लोक तो थर्मोकोलबरोबरच टाकून देतात आणि पंप बिघडला की कचऱ्यात शोधत बसतात. तो कागद ती लिहायची. 'मोटर कोरडी चालवू नये' हे वाक्य तिचं होतं. त्यातला 'कोरडी' हा शब्द 'पाण्याविना'शी दोन हात करून तिथे येऊन बसलाय, याचा तिला मनातल्या मनात अभिमान होता. तो मनातच ठेवावा लागे, कारण बाहेर काढावा अशी जागाच कुठे नव्हती.

बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपत आली तसा ऑफिसातून निरोप आला. नवे साहेब आले होते. त्यांनी कागद बंद केला होता. हल्ली कोणी वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. यापुढे प्रत्येक पंपाबरोबर 'बहुमाध्यमी दस्तऐवज' जाणार होता, म्हणजे एकाच फाइलमध्ये मजकूर, चित्रं, आवाज आणि व्हिडिओ. गिऱ्हाइकानं खोक्यावरचा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन फोनला दाखवला की झालं, पुढचं सगळं फाइलच बोलणार. आईनं अशी एक नमुन्याची फाइल तयार करावी आणि एक दिवस येऊन दाखवावी. जमलं तर एक तारखेपासून रुजू व्हावं. नाही जमलं तर हे काम बाहेर एजन्सीकडे द्यावं लागेल, हेही साहेबांनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं.

फाइलचं काही नव्हतं. 'एक दिवस', हीच मेख होती.

बाळाचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं. पण जन्मल्या दिवशी कुणीतरी 'नाक बघा, शर्टाला लावून घ्यावं' असं म्हणालं आणि त्याचं बटण झालं ते झालंच. बाळ आल्यापासून घरातली बाकीची माणसंही आपापली नावं विसरून बटणाच्या नात्यानंच एकमेकांना हाका मारत. आई, बाबा, आजी, आजोबा. वर्षाचं व्हायला आलेलं हे बटण दिवसभर कुणाकडेही राही. आजीच्या कडेवर, बाबाच्या खांद्यावर, समोरच्या वहिनींच्या घरी, कुठेही. फक्त दुपारी त्याला झोपवायला आई लागे. दुसऱ्या कुणी थोपटलं तर ते मान उचलून त्या माणसाकडे असं बघे, की थोपटणाऱ्यालाच आपण कुणाच्या तरी घरात परवानगीवाचून शिरलोय असं वाटावं. आणि दुपारी झोपलं नाही, तर संध्याकाळी जे होई त्याला घरात 'भाग दोन' म्हणत.

आईनं स्वतःशीच एक करार केला होता. त्या दिवशी दुपारी बटण आपल्यावाचून झोपलं तर नोकरीवर जायचं. नाही झोपलं तर साहेबांना नम्रपणे नाही म्हणायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. हा करार तिनं कुणालाही सांगितला नव्हता. त्यामुळे तो घरात सगळ्यांना आणि समोरच्या वहिनींना माहीत होता.

पंपाची फाइल करायची तर आधी ते तंत्र शिकायला हवं. हात बसावा म्हणून सरावाला काय घ्यावं, तर मांडीवर जे होतं ते घेतलं. अशा रीतीनं 'बटण: वापर व निगा' या दस्तऐवजाचा जन्म झाला. शिवाय आपण नसताना घरच्यांना उपयोग होईल, एका दगडात दोन पक्षी, असा तिचा हिशेब होता. दोन्ही पक्षी उडून जाऊन दगड आपल्याच पायावर पडतो, हा भाग हिशेबात नव्हता.

भाग एक, ओळख. बटणाचा समोरून फोटो, त्याला बाण, बाणांना आकडे. भाग दोन, आहार. मऊ उकडलेलं गाजर कसं कुस्करावं याचा व्हिडिओ, त्यात गाजर कमी आणि आईचा अंगठा जास्त. भाग तीन, झोप. इथे अंगाईचा आवाज. आणि भाग चार, तिच्या खास हातखंड्याचा, बिघाड व उपाय. तो असा होता:

'बिघाड: बटण एकसारखे रडते. संभाव्य कारण: ओले असणे. उपाय: कोरडे करावे. संभाव्य कारण: कोरडे असूनही भूक. उपाय: भाग दोन पाहावा. संभाव्य कारण: कोणतेही नाही. उपाय: थोडा वेळ वाट पाहावी.'

एक नोंद तिनं जरा जड हातानं केली होती: 'बटण अद्याप शब्द उच्चारत नाही. हा बिघाड नाही.' पहिला शब्द 'बाबा' निघावा म्हणून बाबा महिनाभर बटणासमोर ओठ मिटून उघडून दाखवत होता. बटण ते फार लक्ष देऊन बघे आणि मग त्याच्या ओठांत बोट घाली.

हे सगळं आई सांदीकोपऱ्यातला वेळ चोरून करायची. बटण मांडीवर, लॅपटॉप पलंगाच्या कडेला, एक हात थोपटायला, दुसरा टाइप करायला. आधी अंगाई म्हणायची, ते शांत झालंसं वाटलं की कामाला लागायची. लिहिलेलं वाक्य कानाला कसं लागतं हे बघायला ते पुटपुटून वाचायची सवय तिला पहिल्यापासूनची होती. पंपाच्या फाइलमधला आवाजही तिनं असाच, बटण मांडीवर घेऊन, जमेल तेव्हा भरला.

फाइल तयार झाल्याची बातमी समोरच्या वहिनींना कळली आणि त्यांनी एक प्रकरण स्वतःकडून देऊ केलं. त्यांचा थोरला मिक्सरच्या आवाजावर झोपायचा. त्यांनी मिक्सरचा व्हिडिओच काढून आणला. मिक्सर, ओटा आणि कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या स्वतः वहिनी. नाही कसं म्हणणार? भाग पाच पडला.

मग बाबा सरसावला. तो हिशेबतपासनीस होता आणि त्याला आयुष्यात कलेला वाव मिळालेला नव्हता. त्यानं पान उलटताना फडफड आवाज घातला, बिघाडाच्या भागामागे मंद बासरी घातली आणि मुखपृष्ठावर बटण ढगातून हळूहळू खाली उतरेल अशी योजना केली. ते उतरायला इतका वेळ घेई, की बटण खरोखर रडत असेल तर ते रडून, दमून, मोठं होऊन शाळेत जायला लागलं असतं.

फाइल फुगली. ती कुणाच्या फोनवर जाईना. 'आकार फार मोठा आहे' असं येई आणि बाबाचा फोन तव्यासारखा तापे. काहीतरी कमी करायला हवं होतं. बाबानं विचारपूर्वक ठरवलं, की मजकूर काढून बघू. एक प्रत घेऊन त्यानं सगळा मजकूर उडवला. फाइल जेवढी होती तेवढीच राहिली.

"गंमतच आहे," बाबा म्हणाला, "तुझ्या लिहिण्याला जागाच लागत नाही गं."

तो कौतुकानं म्हणाला होता. पण आईला ते लागलं. तिचा सगळा मजकूर, स्वल्पविरामांसकट, फोटोतल्या बटणाच्या एका कानाच्या वजनाचाही नव्हता. साहेब म्हणतात कोणी वाचत नाही, आणि आता यंत्रानंही सांगितलं की तुम्ही असलात काय आणि नसलात काय, आम्हाला फरक पडत नाही. ती नुसतं गाजर कुस्करत राहिली, व्हिडिओतल्यापेक्षा जोरात. मजकूर तिनं परत घातला आणि बासरी काढली, तेव्हा कुठे फाइल फोनवर गेली.

आजोबांना मात्र फाइलपैकी फक्त मजकुरातच रस होता. ते एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. जन्मभर टंकलेखकांना पत्रं सांगण्यात गेल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट मनातल्या मनात वाचता येत नसे आणि विरामचिन्हं वगळून तर मुळीच नाही. वर्तमानपत्रदेखील ते 'पाणीपुरवठा उद्या बंद पूर्णविराम' असंच वाचत. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून फाइल कागदावर छापून आणली. अंगाईच्या जागी एक राखाडी चौकोन आणि त्यात त्रिकोण छापून आला होता. आजोबांनी तो भिंगाखाली पाहिला, कानाशी वगैरे नेला नाही, ते तसे मुरलेले होते. त्यावर लाल शाईनं 'ध्वनी: प्रत्यक्ष उपलब्ध नाही' असं लिहून सही केली. मग सूनबाईला बोलावून म्हणाले,

"'थोपटावे' म्हणतेस. कुणाला थोपटावे? कर्म कुठाय?"

आईनं निमूटपणे कर्म घातलं. वाक्य झालं: 'प्रथम बटणाला थोपटावे. नंतर बटण दाबावे व अंगाई सुरू करावी.' शुद्धलेखनाच्या दृष्टीनं त्यात काही खोट नव्हती.

त्याची खोट कळली रविवारी, रंगीत तालमीच्या वेळी. आई वहिनींच्या घरी लपून बसली आणि इकडे आजी मोहिमेवर निघाली. आजीचा छापील शब्दावर फार विश्वास. तिनं आधी फोनवरच्या बटणाला मायेनं थोपटलं. मग मांडीवरच्या बटणाचं पोट दाबलं. बटणाला ही झोपवण्याची नवी पद्धत अतिशय आवडली. ते खदखदून हसलं आणि 'आणखी' म्हटल्यासारखं पोट पुढे केलं. आजीनं कागदाबरहुकूम पुन्हा दाबलं. हे बराच वेळ चाललं, कारण अंगाई काही सुरू होत नव्हती. शेवटी बाबानं येऊन फोन दाबला.

अंगाई सुरू झाली. बटण जरा निवलं. डोळे जड होणार, तोच दाराची बेल वाजली.

बाबा धावला. दारात कोणी नाही. पुन्हा अंगाई, पुन्हा बेल, पुन्हा दारात कोणी नाही. या मजल्यावर वेळीअवेळी बेल वाजवणारं माणूस एकच, हे सगळ्यांना माहीत होतं. 'झोपलं का बाळ?' हे विचारायला बेल वाजवून त्याला उठवण्याचा वहिनींचा लौकिकच होता. बाबा तणतणत समोर गेला. वहिनी आईबरोबरच बसलेल्या होत्या. त्यांचा चेहराच उतरला.

"मी काय शाळेतलं पोर आहे, बेल दाबून पळायला? मी बेल वाजवते तेव्हा चांगली आत येते."

ते खरंच होतं. तपास केल्यावर उलगडा झाला, की बेल फाइलमध्येच होती. आई अंगाई भरत असताना शेवटच्या ओळीला बेल वाजली होती आणि ती अंगाईबरोबर आत शिरली होती. ती तेव्हा वाजवली होती वहिनींनीच, पण हे बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती.

बाबानं बेल कापून काढण्याचं काम अंगावर घेतलं. बराच वेळ खटपट करून त्यानं फाइल परत दिली, तेव्हा बेल आधी वाजत होती, नंतर वाजत होती आणि मधे अंगाई अर्धीच उरली होती. पुन्हा गायला आईचा घसा बसलेला. ऑफिसचा दिवस दारात. शेवटी असं ठरलं, की त्या दिवशी बेल वाजली तरी कुणी जागचं हलायचं नाही. आजोबांनी छापील प्रतीच्या शेवटी लाल शाईत शुद्धिपत्र जोडलं: 'बेल वाजल्यास दार उघडू नये.' वहिनी त्या दिवशी मदतीला येणारच होत्या, म्हणजे दुसरं कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. लागलीच तर असू दे म्हणून आईनं आपली किल्लीही वहिनींकडे देऊन ठेवली.

त्या दिवशी सकाळी आई निघाली तेव्हा बटण बाबाच्या खांद्यावर बसून तिच्याकडे न बघता पंख्याकडे बघत होतं. तिला त्याचंही वाईट वाटलं. रडलं असतं तर त्याचंही वाटलंच असतं.

ऑफिसात मोठ्या टेबलाभोवती साहेब होते, विक्रीची माणसं होती आणि पंपाचे मुख्य इंजिनिअर होते. बाबाचा एकच निरोप येऊन पडला होता: 'सर्व सुरळीत.' तो इतका जुना होता की त्यावर विश्वास ठेवावा की नाही कळत नव्हतं. तिनं फोन उपडा ठेवला आणि ऑफिसच्या संगणकावर फाइल उघडली. पंप पडद्यावर गोल फिरला. तिच्या आवाजात शब्द आले, "मोटर सुरू करण्यापूर्वी टाकी रिकामी नसल्याची खात्री करावी."

आणि त्याच्यामागे, अगदी हळू, 'खुर्र... फुस्स. खुर्र... फुस्स.'

साहेबांनी हात वर केला. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. इंजिनिअर खुर्चीतून उठून स्पीकरजवळ आले, डोळे मिटले, मान तिरकी केली.

"बेअरिंग," ते म्हणाले.

विक्रीच्या माणसांचे चेहरे पांढरे पडले, कारण तो पंप बाजारात जायला गाडीत चढलेला होता. गाडी थांबवायला माणूस पळाला. गोदामातून एक पंप आणवला, टेबलावर ठेवून चालू केला. तो अगदी गुपचूप चालला. इंजिनिअर म्हणाले, हे तर जास्तच वाईट. जो बिघाड बोलावल्यावर येत नाही तो सगळ्यात वाईट. त्यांनी बाही सरसावून पंप उघडायला घेतला. थोड्याच वेळात चांगल्या कपड्यांतली मोठमोठी माणसं जमिनीवर उकिडवी बसून पंपाच्या पोटाला कान लावू लागली.

आईनं तो आवाज पहिल्या फुस्सलाच ओळखला होता. न ओळखायला काय झालं? पण 'हे माझं आहे' हे सांगायचं कसं? वर्षभर घरी बसलेली बाई, काय कामाची राहिली असेल, असं आधीच इथे कुणाकुणाच्या मनात असणार. गप्प बसावं तर गाडीभर पंप उघडले जाणार. तिनं घसा साफ केला.

"तो पंप नाही, साहेब. माझं बाळ आहे ते. माझ्या मांडीवर झोपलंय."

जमिनीवरची माणसं एकेक करून उठली आणि गुडघे झटकू लागली. साहेबांनी फाइलचा पुढचा भाग लावला. त्यातही सुरुवातीला थोडं गुर्रगुर्र, 'खबरदारी' येईपर्यंत खुर्र. त्याच्या पुढच्याही भागात तेच. एकाही ठिकाणी बटण दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे जागं राहिलेलं नव्हतं.

"म्हणजे तुमचा मजकूर ऐकून..." साहेब म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणानं गिळलं.

विक्रीतलं कुणीतरी हसलं. आईचे कान तापले. पण साहेब हसत नव्हते. ते पुन्हा पहिला भाग लावून ऐकत होते, खुर्रसकट. माझी मुलगी लहानपणी कशानं झोपायची मला आठवत नाही, असं काहीतरी ते स्वतःशीच पुटपुटले. मग खुर्चीत सावरून बसले.

"फाइल चांगली आहे. एवढं ऐकलं सगळ्यांचं, पण पंप कसा चालवायचा हे मला आज प्रथमच नीट कळलं. घोरणं तेवढं काढा आणि एक तारखेपासून या."

"आज कळवते," आई म्हणाली.

"मी तरी एकदा बेअरिंग बघून घेतो," इंजिनिअर म्हणाले.

जिन्यावरून उतरता उतरता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अंगाईचा काही संबंधच नव्हता. बटण अंगाई संपेपर्यंत नुसतं तोंडदेखलं गप्प राहत असणार आणि नंतर तिच्या पुटपुटण्यावर झोपत असणार. मोटर, टाकी, खबरदारी, कोरडी चालवू नये. आणि तिनं अख्ख्या घराला काय लिहून दिलं होतं, तर अंगाई लावा. आयुष्यात लिहिलेली सगळ्यात महत्त्वाची पुस्तिका आणि तीच चुकलेली.

तिनं बाबाला फोन लावला. बंद. आजीला लावला. आजी बटणाच्या झोपेच्या वेळी आपला फोन गप्प करून डब्यात ठेवत असे. तिनं निरोप टाकला: 'अंगाई नको, वाचा, काहीही वाचा, पंपाचं वाचा'. तो बाबाच्या बंद फोनपाशी जाऊन उभा राहिला. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी ती पुढच्या दांडीला धरून अर्धी उभीच होती, तेवढीच बस लवकर पोचावी म्हणून. कराराचं काय झालं असेल ते तिला जवळजवळ दिसतच होतं. संध्याकाळचा तो 'भाग दोन' सुरू झाला असणार. बटण लालबुंद, आजी हतबल, बाबा ढगातून उतरणाऱ्या मुखपृष्ठाची वाट बघतोय.

उन्हं उतरायला लागली होती. ती धापा टाकत मजल्यावर पोचली आणि बेल दाबली.

कोणी येईना. दाराशेजारची जाळीची खिडकी जिन्यावर उघडते, तिच्यातून आजीचं कुजबुजणं ऐकू आलं.

"परत लागली बाई ती."

"कपाटातलीच आहे," वहिनी म्हणाल्या. "कुणी उठू नका."

आईनं पुन्हा बेल दाबली.

"काय करू आता? दोन गोधड्या गुंडाळल्यात," हा बाबाचा आवाज, रडकुंडीला आलेला, पण दबलेला.

जे झालं होतं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाबाचा फोन ऐन अंगाईत बटणानं उचलून पाण्याच्या बादलीत सोडला होता. मग लॅपटॉपवर फाइल लावली, तर ती अडकली, आणि बेल, अर्धी अंगाई, बेल असं स्वतःच्या मर्जीनं वाजत सुटली. बंद कशी करायची ते कुणाला समजेना, तेव्हा तिला लॅपटॉपसकट गोधड्यांत गुंडाळून कपाटात कोंडली. मिक्सरही चालवून झाला. त्यानं बटण झोपलं नाही, वहिनींना मात्र थोरल्याची आठवण येऊन भरून आलं. सगळी माध्यमं अशी एकेक करून गारद झाल्यावर राहिला तो आजोबांचा कागद. त्यावर अंगाईच्या जागी लाल शाई होती. मग आजोबांनी बटणाला मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि या बिघाडावर काय उपाय दिलाय ते बघायला भाग चार उघडला. आणि मनात वाचता येत नसल्यामुळे, अर्थातच, मोठ्यानं.

बाहेर उभ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती तिसऱ्यांदा बेल दाबणार, एवढ्यात आतल्या खोलीतून तो आवाज आला. संथ, एकसुरी, टंकलेखकाची बोटं पोचेपर्यंत थांबणारा.

"बिघाड अपूर्णविराम. बटण एकसारखे रडते पूर्णविराम. संभाव्य कारण अपूर्णविराम. कोणतेही नाही पूर्णविराम."

तिचं बोट बेलवर तसंच राहिलं. आपण लिहिलेलं कुणी असं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही चिन्ह न गाळता वाचतंय, हे तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"उपाय अपूर्णविराम," आजोबा म्हणाले. "थोडा वेळ वाट पाहावी."

आणि थांबले. जांभई आली असावी, किंवा पान उलटायचं असेल. घर गप्प होतं. त्या गप्पपणात, अगदी झोपेच्या काठावरून, एक बारीक आवाज आला.

"लाम."

आजोबा फार हळू, आवाज जरासा घसरू देत म्हणाले, "पूर्णविराम. बरोबर." आणि मग ते ओळखीचं खुर्र, ते ओळखीचं फुस्स.

आईचा हात आपोआप पर्सकडे गेला. फोन काढला, जाळीपाशी धरला, लाल ठिपका दाबला. 'जागा शिल्लक नाही', फोन म्हणाला. सगळी जागा फाइलनं खाल्ली होती, ढगांनी आणि मिक्सरनं.

तिनं बेल वाजवली नाही. दार उघडायला कुणी येणार नव्हतंच, शुद्धिपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. चपला काढून शेजारी ठेवल्या, पाय लांब केले. मांडी रिकामी होती, हात रिकामे होते आणि बटण गाढ झोपलं होतं. असं सगळं एकाच वेळी किती दिवसांत जमलं नव्हतं. आत आजोबांनी भाग चार पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. आता बहुधा स्वतःसाठी.

तिनं साहेबांचा नंबर काढला. मजकुराला जागा लागत नाही. तिनं लिहिलं, 'एक तारखेपासून येते', एकदा पुटपुटून वाचलं, आणि फोनवर लिहिताना ती एरवी कधीच देत नसे तो, शेवटी पूर्णविराम दिला.